काळ्या फरशीचा चौक

एका शहरात एक विद्यापीठ होतं, आणि त्या विद्यापीठाच्या इमारतींच्या मधोमध एक मोठा चौक होता. चौक म्हणजे तेव्हा नुसती मुरमाची जमीन होती. कडेने करंज, बहावा आणि उंबर अशी नऊ झाडं होती. मधली जमीन थोडी खोलगट होती. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचायचं, दोन दिवस राहायचं आणि मुकाट्याने जमिनीत जिरून जायचं. मुलं चप्पल हातात घेऊन कडेकडेने जायची. कुणाला त्याचं काही वाटत नसे.

चौकाच्या पूर्वेला ग्रंथालय होतं. ग्रंथालयाच्या तळघरात अभ्यासिका होती. चौकातून अकरा पायऱ्या उतरलं की अभ्यासिकेचं लोखंडी दार लागायचं. परीक्षा जवळ आली की तिथे बसायला जागा मिळत नसे.

विद्यापीठाला साठ वर्षं होणार होती. कुलगुरूंच्या मनात आलं की, या निमित्ताने चौक असा करावा की, पाहुण्यांनी बघत राहावं. त्यांनी विश्वंभर नावाच्या रचनाकाराला बोलावलं. बागा, अंगणं, चौक यांची आखणी करणं हे विश्वंभरचं काम. तो हुशार होता आणि कष्टाळूही. महिनाभर तो रोज चौकात येऊन बसला. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, पाणी कुठून कुठे जातं, हे त्याने पाहिलं. मग त्याने नकाशा काढला.

त्या नकाशात नऊच्या नऊ झाडं जागेवर होती. मधला खोलगट भाग आणखी थोडा खोल करून त्यात खडी आणि वाळू भरायची, वर वाळ्याचं गवत लावायचं, म्हणजे पाणी तिथे बसेल आणि जिरेल. चालण्याच्या वाटांवर साधा दगड वाळूत बसवायचा आणि दोन दगडांमध्ये बोटभर फट ठेवायची, म्हणजे तिथूनही पाणी खाली जाईल. त्यातूनही उरलं, तर दक्षिणेच्या बाजूने खालच्या मैदानात जायला एक रुंद चर. नकाशा पुरा झाला तेव्हा विश्वंभरला बरं वाटलं. आपण याहून चांगलं काही केलेलं नाही, हे त्याला माहीत होतं.

बैठकीला सात जण बसले होते. कुलगुरूंनी नकाशा समोर ओढला आणि मधल्या जागेवर बोट ठेवलं.

"हा खड्डा कशासाठी?"

"पाण्यासाठी, सर."

"पाहुणे काय खड्डा बघायला येणार आहेत? तो बुजवा. सगळं एका पातळीत घ्या. काळी फरशी, आरशासारखी. फटी नकोत, सिमेंटने भरा. झाडं फार गर्दी करतात, दोन ठेवा. आणि दक्षिणेला हा चर नको. तिथे चांगली कमरेएवढी दगडी भिंत बांधा. तिच्यावर पितळी अक्षरांत विद्यापीठाचं नाव."

कुलगुरू वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्यासमोर कुणी 'पण' म्हटलं, की त्यांच्या भुवया जवळ यायच्या आणि खोली गार पडायची. एका प्राध्यापकांनी मागे असंच काही म्हटलं होतं. त्यानंतर त्यांना कुठल्याच बैठकीला बोलावणं आलं नाही.

विश्वंभरला सगळं दिसत होतं. मधली जागा बुजली, फटी बुजल्या, चर गेला आणि वर भिंत आली, तर तीन इमारतींच्या गच्च्यांचं पाणी या चौकात कोंडणार. मग त्याला जायला एकच वाट उरते. अकरा पायऱ्या.

त्याने बोलायला तोंड उघडलं. बाकीचे सगळे टेबलाकडे बघत होते.

कुलगुरूंनी विचारलं, "काही अडचण आहे का, विश्वंभरराव?"

"नाही, सर," विश्वंभर म्हणाला.

काम सुरू झालं. सात झाडं पडली. ज्या दिवशी मधली जागा भरायला ट्रक येऊ लागले, त्या दिवशी अनुसयाबाई विश्वंभरसमोर येऊन उभी राहिली. ती विद्यापीठाच्या बागेत बावीस वर्षं काम करत होती. चौकातली प्रत्येक फांदी तिच्या ओळखीची होती.

"साहेब, हस्ताचं पाणी तुम्ही इथं बघितलं न्हाई," ती म्हणाली. "मी बघितलंय. तीन बाजूंनी येतं आणि हितं बसतं. त्याची बसायची जागा बुजवली, तर ते उठून कुठं जाईल?"

"अनुसयाबाई, मोठ्या लोकांनी ठरवलंय."

"त्यांना कुणी सांगितलं का पण?"

विश्वंभरने हातातल्या कागदाची घडी घातली. "तुम्ही तुमचं काम करा," एवढंच तो म्हणाला. अनुसयाबाईने पदर खोचला आणि ती गेली.

चौकातलं पाणी गटारात जायला त्याने एक नळ ठेवला होता. तो नळ अपुरा आहे हे त्याला ठाऊक होतं. रुंद नळासाठी भिंतीत भोक पाडावं लागलं असतं आणि भिंतीवरच्या अक्षरांची ओळ मोडली असती.

फाल्गुनात सोहळा झाला. काळी फरशी चकाकत होती. पाहुणे वाकून आपलं प्रतिबिंब पाहत होते. विश्वंभरच्या गळ्यात हार पडला. वर्तमानपत्रात फोटो आला. घरी बायकोने तो कापून ठेवला.

वैशाखात फरशी इतकी तापू लागली की, दुपारी चौक ओलांडायला कुणी धजेना. मुलं लांबच्या वाटेने, इमारतींच्या सावलीतून जाऊ लागली. चिमण्या दिसेनाशा झाल्या. विद्यापीठाच्या विहिरीचं पाणी दरवर्षीपेक्षा खाली गेलं. पण ऊन काय, दरसाल असतंच, असं म्हणून लोक गप्प बसले. विश्वंभरही गप्प बसला. त्याच्या मनात मात्र पावसाळ्याचे दिवस जवळ येत होते.

आषाढात एक साधी सर आली. विश्वंभर छत्री घेऊन मुद्दाम चौकात गेला. सर थांबून तास झाला तरी फरशीवर बोटभर पाणी तसंच होतं. हललंही नव्हतं. नळातून बारीक धार जात होती. पाण्याची कड पहिल्या पायरीपासून चार हातांवर होती. विश्वंभर तिथे बराच वेळ उभा राहिला. मग घरी गेला आणि जेवला नाही.

श्रावणात तो अभ्यासिकेत उतरला. मुलं खाली माना घालून वाचत होती. तो पुस्तक शोधत असल्यासारखा मागच्या भिंतीपाशी गेला. भिंतीवर तळहाताएवढा ओला डाग होता. त्याने त्यावर हात ठेवला. भिंत गार होती. आठ दिवसांनी तो पुन्हा गेला तेव्हा तो डाग सुपाएवढा झाला होता. त्याने कुणी पाहत नाही असं बघून भिंतीला कान लावला. आत कुठेतरी पाणी झुळझुळत होतं.

एका मुलीने मान वर केली. तिचं नाव नसीमा. ती शेवटच्या वर्षाला होती.

"काय झालं, सर? भिंतीला काही झालंय का?"

"नाही, नाही. जुनी भिंत आहे," विश्वंभर म्हणाला आणि घाईने पायऱ्या चढून वर आला. वर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की, त्या भिंतीला सहा महिन्यांपूर्वी त्यानेच नवा गिलावा करून घेतला होता.

तीन वेळा तो कुलगुरूंच्या दाराशी गेला. पहिल्या वेळी आत कुणी पाहुणे होते, म्हणून परतला. दुसऱ्या वेळी आत कुणीच नव्हतं, तरी परतला. तिसऱ्या वेळी त्याने दारावर टकटक करायला हात उचलला आणि त्याला वाटलं, आता सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, 'तेव्हा का नाही बोललात?' त्याचा हात खाली आला. जितके दिवस जात होते, तितकं सांगणं अवघड होत होतं. तो आभाळाकडे बघायचा. यंदा पाऊस कमी पडू दे, असं तो मनातल्या मनात म्हणू लागला. शेतकऱ्यांच्या मुलखात राहून असं मागणं मागायची त्याला लाजही वाटायची.

पाऊस कमी पडला नाही. हस्त नक्षत्र लागलं आणि दोन दिवस संततधार सुरू झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ असं काही फुटलं की, समोरचं घर दिसेना. विश्वंभर शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या कचेरीत बसला होता. परीक्षेला आठ दिवस राहिले होते. अभ्यासिका भरलेली असणार. त्याने फोन लावला. विद्यापीठातला फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

तो उठला. रिक्षा अर्ध्या वाटेत बंद पडली. पुढचं अंतर तो पाण्यातून पळत गेला.

तो चौकात आला. चौक उरलाच नव्हता. एका इमारतीपासून दुसऱ्या इमारतीपर्यंत काळं, सपाट पाणी होतं. गच्च्यांवरून धबधबे पडत होते. दक्षिणेच्या भिंतीला पाणी तटलं होतं आणि पितळी अक्षरं निम्मी बुडाली होती. ग्रंथालयाच्या पायऱ्यांपाशी ते पाणी एका अंगाला कललं होतं आणि खाली कोसळत होतं. त्याचा आवाज पावसाच्या आवाजाहून मोठा होता.

नळाच्या तोंडाशी अनुसयाबाई मांडीभर पाण्यात वाकली होती. दोन्ही हात नळात घालून ती गाळ उपसत होती. तिच्या बोटांतून रक्त येत होतं.

"साहेब!" ती ओरडली. "पोरं खाली हायेत! दार उघडंना झालंय!"

विश्वंभर जिन्यात उतरला. शेवटच्या पायरीवर पाणी त्याच्या छातीला लागलं. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं. जिन्यात साठलेलं पाणी ते आत दाबून धरत होतं. शिपाई आणि दोन मुलं कडी धरून ओढत होती. दार तसूभरही हलत नव्हतं. आतून मुठी आपटल्याचे आवाज येत होते.

"आत किती जण आहेत?" विश्वंभर दारापाशी तोंड नेऊन ओरडला.

"त्रेचाळीस!" आतून नसीमाचा आवाज आला. "मी मोजलेत. पाणी कमरेला आलंय, सर!"

"दिवे बंद करा! मेन स्विच!"

"केलेत! अंधार आहे!"

"टेबलांवर चढा सगळे!"

विश्वंभरला आता एकच गोष्ट कळत होती. वरून पडणारं पाणी थांबल्याशिवाय हे दार उघडणार नाही. तो वर धावला. ग्रंथालयाच्या ओसरीत कामगारांची पहार पडलेली होती, ती त्याने उचलली आणि दक्षिणेच्या भिंतीकडे गेला. पहारेकरी आडवा आला.

"साहेब, भिंतीला हात लावू नका. वरून हुकूम पाहिजे."

"ही भिंत मी बांधलीय," विश्वंभर म्हणाला. "मीच फोडतो. बाजूला हो."

पहिला घाव फुकट गेला. दुसराही. दगड चांगला बसवला होता. पंधराव्या घावाला एक सांधा सुटला. मग पहारेकऱ्यानेच घण आणला. मुलं आली, शिपाई आले. अनुसयाबाईने रक्ताळलेल्या हातांनी सैल झालेला दगड ओढला आणि भिंतीत माणूस जाईल एवढी वाट झाली. पाणी गर्जना करत खालच्या मैदानात कोसळलं.

चौकातलं पाणी पहिल्या पायरीच्या खाली उतरायला बराच वेळ लागला. जिन्यात पडणारी धार बारीक झाली, मग थांबली. पण दार अजून उघडत नव्हतं. आत आणि बाहेर पाणी सारखं होईपर्यंत ते उघडणार नव्हतं. म्हणजे आतलं पाणी आणखी वर चढायला हवं होतं.

हे मुलांना कसं सांगायचं? विश्वंभरने दाराला कपाळ टेकलं.

"नसीमा, ऐक. पाणी आता नवीन येणार नाही. पण थोडं वर चढेल. मग दार उघडेल. घाबरू नका."

"नक्की उघडेल ना, सर?"

"उघडेल," विश्वंभर म्हणाला.

तेवढ्यात आत काहीतरी मोठं कोसळलं. मुली किंचाळल्या. पुस्तकांचं एक कपाट पाण्याने उचलून आडवं केलं होतं. त्यानंतर एकच नाव ऐकू येऊ लागलं, "वनिता! वनिता!"

दार हललं तेव्हा सगळ्यांनी मिळून ते ओढलं. मुलं एकमेकांचे हात धरून बाहेर आली. नसीमा सर्वांत शेवटी आली. तिच्या खांद्यावर पहिल्या वर्षाची वनिता होती. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ निळे पडले होते.

बेचाळीस जण आपल्या पायांनी घरी गेले. वनिता दवाखान्यात तीन दिवस बेशुद्ध होती. विश्वंभर तीन दिवस बाहेरच्या बाकावर बसून होता. शेजारी वनिताचे वडील बसत. ते परगावी एसटीत वाहक होते, गणवेशातच निघून आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी विश्वंभरच्या हातात चहाचा कप दिला.

"तुम्हीच भिंत फोडलीत म्हणे," ते म्हणाले. "तुमचे उपकार कसे फेडू, साहेब?"

विश्वंभरने कप न पिताच बाकाखाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वनिताने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. त्याच दुपारी कुलगुरूंचा निरोप आला.

कुलगुरूंचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी दार स्वतः लावून घेतलं.

"विश्वंभरराव, मलाही झोप नाही. पण आता देवाच्या कृपेने सगळे वाचले. उद्या चौकशी समिती बसतेय. पाऊस अतोनात झाला, हे खरं आहे. नळात पानं आणि गाळ अडकला होता, हेही खरं आहे. तो साफ ठेवणं बागेकडच्या लोकांचं काम."

"म्हणजे अनुसयाबाईंचं."

"मी कुणाचं नाव घेतलं नाही." कुलगुरूंनी खिडकीबाहेर पाहिलं. "तुम्ही तर मुलांना वाचवणारे आहात. पुढच्या आठवड्यात विद्यापीठ तुमचा सत्कार करणार आहे. उगाच जुने कागद उकरून कुणाचं भलं होणार?"

विश्वंभर जिना उतरून खाली आला. ओसरीत अनुसयाबाई भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या होत्या. तिलाही समितीपुढे यायचा कागद मिळाला होता. तो तिने पट्टीत खोचून ठेवला होता.

"साहेब, मला काय विचारतील?" तिने विचारलं.

"नळाचं विचारतील."

"मी तुम्हाला आधी बोलले हुते, ते सांगू का?" तिने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "का नको सांगू? माझ्या नोकरीला चारच वर्षं राहिल्यात. मोठ्या मान्सांच्या मधे बोलले आन् घरी बसवलं तर काय करू?"

विश्वंभरने तिच्याकडे पाहिलं. हीच भीती, हीच नजर, हाच दबका आवाज. पण या बाईने बोलून पाहिलं होतं. 'तुम्ही तुमचं काम करा' असं सांगून तिला गप्प करणारा तो होता.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या या उत्तराने ती अधिकच घाबरली.

समिती मोठ्या सभागृहात बसली. समोर पाच जण होते. मागे मुलांचे आईवडील दाटीवाटीने बसले होते. वनिताचे वडील पहिल्या रांगेत होते. कुलगुरू एका बाजूला होते. पहिलं नाव अनुसयाबाईचं पुकारलं गेलं.

"नळ साफ करण्याची जबाबदारी तुमची होती का?"

"व्हय, साहेब."

"त्या दिवशी तो तुंबला होता का?"

"साहेब, पानं ती किती? झाडं आता दोनच हायेत. आदी नऊ झाडांची पानं पडायची, तवा कधी..."

"हो की नाही, एवढंच सांगा."

अनुसयाबाईने कुलगुरूंकडे पाहिलं. मग पट्ट्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तो होकार समजून लिहिणाऱ्याने लेखणी कागदावर टेकवली.

विश्वंभर मागच्या रांगेत बसला होता. त्याच्या मांडीवर नकाशाची गुंडाळी होती. तो ती सोबत घेऊन आला होता, पण उघडायची की नाही हे त्याने ठरवलं नव्हतं. जिन्यातल्या पाण्यात छातीपर्यंत उभा असतानाही त्याला एवढी भीती वाटली नव्हती. पाणी फार तर जीव घेतं. इथे त्याचं नाव, काम, पोरांची शाळा, शेजाऱ्यांची नजर, सगळं एका वाक्यात जाणार होतं. आणि सगळ्यांत मोठी भीती पहिल्या रांगेत बसलेल्या एका माणसाच्या डोळ्यांची होती.

लेखणी चालू लागली. तिचा कुरकुर आवाज त्याला ऐकू आला. तो उठला.

"थांबा," तो म्हणाला. "ते लिहू नका. ते खोटं आहे."

सगळे वळले. तो पुढे आला. नकाशा उलगडताना त्याचा एक कोपरा समितीतल्या एका बाईंनी धरला.

"हा माझा पहिला नकाशा. यात पाण्याला बसायला जागा आहे. जायला वाट आहे. चौक बांधला तो याप्रमाणे नाही. मला विचारलं होतं, काही अडचण आहे का. अडचण मला दिसत होती. मी नाही म्हणालो."

"का?" एकाने विचारलं.

"भीतीने. काम जाईल म्हणून. या बाईंनी मला बजावलं होतं. मी त्यांना गप्प केलं. नंतर अभ्यासिकेची भिंत ओली होत होती, तेही मी पाहत होतो. तेव्हाही बोललो नाही. नळ लहान होता. तो यांनी कितीही साफ केला असता, तरी पुरा पडला नसता. दोष माझा आहे."

मग वनिताचे वडील हळूहळू उभे राहिले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि माझी मुलगी रोज खाली बसते, हेही?"

"हेही."

ते खाली बसले आणि त्यांनी तोंड फिरवलं. विश्वंभरने मार खाल्ला असता, तर तो त्याला सोपा गेला असता.

शेवटी कुलगुरू उठले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"हे खरं बोलतायत," ते म्हणाले. "मी अडचण विचारली होती, पण ती 'नाही' ऐकण्यासाठीच. माझ्यासमोर कुणाला बोलवत नाही, हे मला माहीत होतं. मला ते आवडायचंही."

अनुसयाबाईची नोकरी राहिली. कुलगुरूंनी पद सोडलं. विश्वंभरचा परवाना तीन वर्षांसाठी काढून घेतला गेला. सत्कार झाला नाही. वर्तमानपत्रात त्याचा फोटो पुन्हा आला. तो बायकोने कापून ठेवला नाही, पण फाडलाही नाही. वनिताचे वडील त्याच्याशी पुढे कधीही बोलले नाहीत.

चौकाची काळी फरशी उखडली गेली. नव्या कामाची आखणी दुसऱ्या एका रचनाकार बाईंनी केली. त्यांनी पहिल्या बैठकीला मुलांना बोलावलं आणि अनुसयाबाईलाही खुर्ची दिली. मधली जागा पुन्हा मोकळी झाली, तिथे खडी, वाळू आणि वाळा आला. दगडांमध्ये फटी राहिल्या. सात नवी रोपं लागली. पुढल्या वर्षी हस्त बरसला तेव्हा पाणी मधे येऊन बसलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमिनीत गेलं. अभ्यासिकेतल्या मुलांना ते कळलंही नाही. त्या आखणीवर विश्वंभरचं नाव नव्हतं, आणि त्याने ते मागितलंही नाही.

तीन वर्षांनी त्याला पहिलं काम मिळालं, ते एका लहानशा गावातल्या शाळेच्या अंगणाचं. मुख्याध्यापिका करड्या स्वभावाच्या होत्या. सगळं गाव त्यांना वचकून असे. त्यांनी अंगणाकडे बोट दाखवलं.

"चिखल नको. सगळं सिमेंट करून टाका. काही अडचण आहे का?"

इतकं सगळं होऊनही विश्वंभरची भीती गेली नव्हती. ती तशीच होती, तेवढीच होती. हाती दुसरं काम नव्हतं.

"आहे, बाई," तो म्हणाला. "अडचण आहे. बसून सांगतो."

मुख्याध्यापिकांच्या भुवया जवळ आल्या. मग त्यांनी एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

तात्पर्य: ज्याला धोका दिसतो, त्याने भीती वाटत असतानाही वेळेवर बोलावं, कारण जाणत्याच्या मौनाची किंमत नेहमी त्या मौनाशी संबंध नसलेल्या माणसांना मोजावी लागते.